एक डोळा रोह्याचा, एक डोळा पेणचा

हौसाबाईने दोन पोरं वाढवली. दोहोंपैकी एकही तिच्या पोटचं नव्हतं.

लग्न होऊन ती कोलाडजवळच्या गावात आली तेव्हा तिचा धाकटा दीर हैबत चड्डीची नाडी बांधून घ्यायला घरभर माणूस शोधत फिरायचा. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ती नाडी हौसाबाईच्याच हाती आली. पुढे दोनेक वर्षांत तिकडे माहेरी, गागोद्याच्या बाजूला, तिची आई वारली. मागे राहिलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गुणाजीला, ती कडेवर घेऊन सासरी आली. सासरचे काय म्हणतील याची धास्ती होती. पण नवरा, गोविंदा, भला माणूस. पोराकडे बघून तो एवढंच म्हणाला, "एकाला वाढतेस, तिथं दोघांना वाढ."

तेव्हापासून हैबत आणि गुणाजी एकाच घरात, जवळपास एकाच वयाचे, एकमेकांच्या उरावर बसत मोठे झाले. वालाच्या बिरड्याची वाटी कुणाची जास्त भरली यावरून भांडले, विहिरीवर आधी कुणी उडी मारायची यावरून भांडले. हौसाबाई दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालायची आणि दोघांना जवळ घेऊन झोपायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही. गावातल्या बायका हळहळायच्या तेव्हा ती म्हणायची, "आणि झालं असतं तर निजवलं कुठं असतं गो?"

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. गुणाजी अभ्यासात चलाख. मास्तरांनी खटपट करून त्याला सरकारी वसतिगृहात घातलं. तिथं तो शिकला आणि पेणच्या एस.टी. डेपोत मेस्त्री म्हणून लागला. हैबतचं आणि शाळेचं कधी जमलं नाही. तो रोह्याला एका पोह्यांच्या गिरणीत हमाली करू लागला. गिरणीचा म्हातारा मालक निपुत्रिक होता. पोराचा सच्चेपणा बघून त्याने शेवटी गिरणीच हैबतच्या हवाली केली. हैबतचा हैबतराव झाला, गावाला लागूनच वरश्याला घर झालं, बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या मंडळात त्याच्या शब्दाला वजन आलं.

आता ज्याला सरकारने हात दिला तो सरकारचं गाणार आणि ज्याला शेटने हात दिला तो शेटचं गाणार, यात नवल काय? गणपतीला दोघे हौसाबाईच्या घरी जमले की पंगत उठायच्या आत जुंपायची.

"गोरगरिबाला सांभाळणं हे सरकारचं काम हाय," गुणाजी म्हणायचा. "हक्कानं मिळायला पायजे माणसाला. कुणाच्या दारात हात पसरून नाय."

"तुझ्या सरकारच्या दारात काय हात खिशात घालून उभं राहतात?" हैबतराव म्हणायचा. "सरकारला हात हजार असतील, पण काळीज एक नाय. माझ्या मालकानं मला माझी जात इचारली नाय, का कसला दाखला मागितला नाय."

"तुला भला मालक भेटला. ज्याला नाय भेटला त्यानं काय करायचं?"

यावर हैबतराव नुसता आवाज चढवी. मग हौसाबाई दोघांच्या पानात आणखी एकेक मोदक टाकायची. मोदक तोंडात असताना भांडता येत नाही हे तिला त्यांच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

गोविंदा गेल्यावर ती एकटीच राहिली. दोघांनी आपापल्या घरी चल म्हणून परोपरीने विनवलं, पण भात झोडून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, शेंगा भरल्या की शेजारणींना बोलावून मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावायची, हे सोडून ती जाणार कुठे? ती राहिली आणि मजेत राहिली.

एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेल्यावर तिची नजर मंद होत चालली. आधी तिला वाटलं चुलीचा धूर डोळ्यांत गेलाय. मग वाटलं चष्म्याचं वय झालंय. एकदा मात्र वाटेत कुणी उभं दिसलं म्हणून तिने, "कुठं निघालास रे उन्हाचा?" असं आपुलकीने विचारलं. तो विजेचा खांब निघाला. मागून येणाऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या, तीही हसली. पण घरी आल्यावर तिने दाराची चौकट हाताने चाचपली आणि मगच उंबरा ओलांडला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पुरता पिकलेला, डावा अजून कच्चा. त्या काळी मोती पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत.

गुणाजी ऐकताच धावत आला. "पेणच्या सरकारी दवाखान्यात फुकट होतं, बाय. आपला हक्कच हाय तो." तो तिला घेऊन गेला. डोळ्यांचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी बाहेरून यायचे, त्या दिवशी आले नाहीत. पुढच्या खेपेला कळलं की त्यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी अजून कुणी नाही. परतीच्या गाडीत गुणाजी खिडकीबाहेर तोंड करून बसला. जसं काही सरकार म्हणजे त्याचा मुलगा आणि त्याने चारचौघांत बापाचं नाक कापलं.

"येईल रे तुझं सरकार," हौसाबाईनेच त्याची समजूत घातली. "लांबून येतंय."

तेवढ्यात रोह्याला हैबतरावाच्या मंडळाने नेत्रशिबिर भरवलं. मुंबईचे मोठे डॉक्टर, शाळेच्या वर्गांत पेंढा पसरून त्यावर स्वच्छ चादरी, दारात केळीचे खांब. हैबतराव स्वतः गाडी करून वैनीला न्यायला आला. गुणाजीही सोबत गेला, पण आत पाऊल टाकीना. शाळेच्या आवारातल्या आंब्याखाली हाताची घडी घालून उभा राहिला.

शस्त्रक्रिया कधी झाली ते हौसाबाईला धड कळलंसुद्धा नाही. नंतर डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून, मान न हलवता, रांगेत निजायचं होतं. त्या रांगेत तिला इंदुबाई भेटली. ही रोह्याचीच, चांगल्या घरातली, शिबिरात सेवेला आलेली. ती प्रत्येकाला नावाने हाक मारायची. शिरा भरवताना आधी फुंकर घालायची. कुणी खोकायला लागलं की छातीवर हात ठेवून म्हणायची, "हळू, काकी, टाका नवा आहे." हौसाबाईने आयुष्यभर दुसऱ्याला भरवलं होतं. आपल्याला कुणी भरवतंय, हे तिला इतकं नवीन होतं की पहिल्या घासाला तिने स्वतःच चमचा धरायला चाचपत हात पुढे केला.

पट्टी सुटली, डोळ्यासमोर जाड भिंग धरलं, आणि पहिल्यांदा तिला दिसलं ते स्वतःचं लुगडं. ती बघतच राहिली.

"काय झालं, काकी?" इंदुबाईने घाबरून विचारलं.

"अगो, हे तर निळं हाय. मी हिरवं म्हणून नेसत होते."

सगळी खोली हसली. आंब्याखाली उभ्या गुणाजीलाही खिडकीतून ते ऐकू गेलं आणि तो पाठमोरा होऊन डोळे पुसू लागला.

दुपारी निरोपाचा समारंभ झाला. पाहुणे आले, हार झाले, लाउडस्पीकरवर भाषणं झाली. एक पाहुणा भरल्या गळ्याने म्हणाला, "या निराधार, अनाथ माउल्यांचे आशीर्वाद म्हणजेच आपली पुण्याई."

हौसाबाईने शेजारच्या म्हातारीला विचारलं, "निराधार कोण गो?"

"आपणच," म्हातारी म्हणाली.

मग एकेकीला पुढे बोलावून साडी दिली. फोटोवाला म्हणाला, "आजी, वर बघा." हौसाबाईने वर बघितलं. समोर हैबतराव उभा होता, आनंदाने नुसता फुलून गेलेला. त्याच्याकडे बघून ती हसली आणि फोटो छान आला.

पण घरी सोडून तो निघाला तेव्हा तिने त्याला ओट्यावर बसवलं.

"हैबत, डोळा दिलास, लई मोठं काम केलंस. तुझ्या त्या इंदुबाईला माझं आयुष्य लागो. पण मला निराधार का म्हणवलंस रे? माझे दोन पोरगे हायेत."

"बोलायची रीत असते, वैनी," हैबतराव म्हणाला.

"मग रीत बदल."

महिना झाला असेल नसेल, तोच डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं. शिबिर उठून गेलं होतं. डॉक्टर मुंबईला, मंडळाच्या माणसांना औषधातलं काही कळेना. हैबतराव नेमका माल घेऊन बाहेरगावी. निरोप गेला तो गुणाजीला. त्याने तडक तिला पेणच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं कृष्णाबाई नावाच्या नर्स होत्या. उंच, रुंद, आवाज असा की डेपोत गाड्या पुकारायला शोभावा. त्यांनी डोळा बघितला. "ऑपरेशन कुठं केलं?"

"रोह्याला. दानधर्माच्या शिबिरात," गुणाजी मुद्दाम ठासून म्हणाला. आता बाई धर्मवाल्यांना काहीतरी बोलतील अशी त्याला आशा होती.

"कुणी का केलं असेना. लाल झालाय ना? बसा."

नवे डॉक्टर आले होते. त्यांनी तपासलं, औषध दिलं, पुन्हा यायला सांगितलं. हौसाबाई दर खेपेला गेली. हळूहळू डोळा निवळला. शेवटच्या दिवशी तिने कृष्णाबाईंना हात जोडले.

"हात जोडू नका, आजी, हात धुवा," कृष्णाबाई पुढच्या माणसाकडे वळत म्हणाल्या. "औषध घालायच्या आधी साबणानं. न धुतलेल्या हातानंच डोळा बिघडला होता."

हौसाबाईला क्षणभर राग आला. पण गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की, त्या बाईने तिला निराधार म्हटलं नाही, पुण्यवान म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. पोस्टात जावं, पाकीट घ्यावं आणि निघून यावं, तसं झालं. यातही काही एक सुख होतं.

पुढच्या वर्षी डावा डोळा पिकला. हैबतरावाने शिबिराची तारीख सांगितली. हौसाबाई म्हणाली, "हा डोळा पेणला करायचा."

"वैनी, रागावलीस माझ्यावर?"

"रागावले असते तर तुला जेवायला घातलं असतं का? दोन पोरगे हायेत, दोन डोळे हायेत. हा गुणाजीचा."

गुणाजीला हे कळलं तेव्हा त्याने डेपोत सगळ्यांना चहा पाजला. पण सरकार ते सरकारच. पहिल्या खेपेला ऑपरेशनच्या खोलीतली वीज गेली आणि सगळ्यांना परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला मात्र झालं, आणि बिनबोभाट झालं. डॉक्टरांचा हात हलका. खाट होती, दोन वेळचं जेवण होतं. नव्हतं ते माणूस. सगळ्या वॉर्डाला एकट्या कृष्णाबाई. ज्यांच्यापाशी कुणी नातलग नव्हतं ते डोळ्यांवर पट्ट्या बांधून पाण्याच्या माठाच्या दिशेने नुसत्या हाका मारत. गुणाजीला रजा मिळेना. शिफ्ट संपली की तो यायचा, तोवर हौसाबाईही त्यांच्यातलीच एक.

दुसऱ्या दिवशी हैबतराव आला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात घरून करून आणलेल्या कांदेपोह्यांचा मोठा डबा.

"भेटायची वेळ संपली," कृष्णाबाई दारातूनच गरजल्या.

"वैनीला दोन घास भरवतो आणि जातो, बाई."

तो बसला आणि भरवू लागला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "पोह्यांचा वास कुठनं येतोय?" मग तिलाही भरवणं आलं. तिच्या पलीकडे एक म्हातारा होता, तो काही मागत नव्हता, पण मान मात्र डब्याच्या दिशेने वळलेली. त्यालाही दिलं. असं करत करत हैबतराव रांगेच्या टोकाला पोचला. कृष्णाबाई परत आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. आता हाकलतात, असं त्याला वाटलं.

"आलाच आहात तर त्या कोपऱ्यातल्या आजोबांना पाणी द्या," त्या म्हणाल्या. "आणि आधी हात धुवा."

रोज सकाळी गिरणी चालू करून देऊन हैबतराव पेणला येऊ लागला. इथं ना फलक होता, ना लाउडस्पीकर, ना कुणी फोटो काढणारं. ज्यांना तो भरवत होता त्यांना त्याचं तोंडही दिसत नव्हतं. एका संध्याकाळी एक म्हातारा, काळुराम नावाचा, खाडीकडच्या मिठागरात जन्म घालवलेला, पाणी पिऊन झाल्यावर त्याचा हात चाचपत म्हणाला, "बाबा, तुमी सरकारी का?"

हैबतरावाने रिकामा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाला, "व्हय. आज सरकारी."

शिफ्ट संपवून आलेला गुणाजी दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं. हातापायाला ऑइल लागलेलं, तो तसाच पुढे आला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने हैबतरावाच्या हातातली किटली आपणहून घेतली. दोघे व्हरांड्यात बसून उरलेला चहा प्याले. काय बोलले ते हौसाबाईला ऐकू आलं नाही. पट्टीखाली पडल्या पडल्या तिने कान टवकारले होते, भांडण सुरू झालं की ओरडायच्या तयारीत. पण भांडण काही झालं नाही.

त्यानंतरची हौसाबाई पंचक्रोशीने पाहिली ती अशी: जाड भिंगांचा चष्मा, पायांत रबरी चपला, आणि एका हाताला कुणीतरी आंधळं म्हातारं माणूस. थंडीत शिबिर असलं की रोह्याला, एरवी पेणला. कंडक्टर लांबूनच ओळखून पुढची जागा रिकामी करायचे. आणि दोन्हीकडे ती नुसती जाऊन बसत नसे. हैबतरावाच्या मागे लागून तिने शिबिराची रीत बदलायला लावली. माणसांना नावाने पुढे बोलवायचं, भाषणं जेवणानंतर, आणि महिन्याभराने डॉक्टरांनी पुन्हा एकदा येऊन डोळे बघायचे. मंडळातल्या काहींनी नाकं मुरडली, पण वैनीचा शब्द हैबतरावाने पडू दिला नाही. तिकडे गुणाजी गावोगावच्या पंचांना घेऊन अलिबागला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसला. डोळ्यांचे डॉक्टर ठरल्या दिवशी आलेच पाहिजेत, आणि वॉर्डाला आणखी एक माणूस द्या. डॉक्टर येऊ लागले. माणूस यायला पुष्कळ उशीर लागला, पण आला. तोवर खाटांच्या कडेला हैबतरावाच्या गिरणीतली माणसं पाळीपाळीने बसत होती.

गणपतीत पुन्हा वाद निघालाच. दोघांनी एकदम तिलाच विचारलं, "तूच सांग, कुणी करायचं?"

हौसाबाई नारळ खवत होती. "विहीर सगळ्या गावाची पायजे," ती म्हणाली. "एकाच्या मालकीची असली तर तो कधी दार लावील सांगता येत नाय. पण विहीर काय घरोघर जाऊन पाणी पाजते? तिथं माणूसच लागतं."

"आणि विहिरीत गाळ साचला तर?" हैबतराव म्हणाला.

"तर पंचांशी भांडायचं," गुणाजी म्हणाला.

"भांडा की. तुम्हाला काय शिकवायला पायजे?" हौसाबाई म्हणाली आणि खवणी बाजूला सारून उठली.

तिने नेलेल्या माणसांत सगळ्यांत अवघड निघाली ती पलीकडच्या गावची सीताबाई. दोन्ही डोळे जाऊन कैक वर्षं झालेली. धर्माचं म्हटलं की म्हणे, "मी काय भिकारीण हाय?" सरकारी म्हटलं की म्हणे, "तिथं मारून टाकतात." हौसाबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. डोळ्यांचं नाव काढायची नाही. गावच्या गोष्टी सांगायची, वाल सोलायला मदत करायची. सीताबाईच्या नातीचं, सरूचं, लग्न ठरलं तेव्हा मात्र ती हळूच म्हणाली, "सरूचा नवरा कसा दिसतो, ते लोकांना इचारत बसणार का गो तू?"

सीताबाईने दोन दिवस विचार केला आणि लुगड्याची गाठ मारून तयार झाली.

पेणलाच झालं. पट्टी सोडायच्या दिवशी कृष्णाबाईंनी भिंग लावलं आणि बोटं समोर धरली. "किती दिसतात, आजी?"

सीताबाईने बोटांकडे बघितलंच नाही. ती पलीकडे खाटेच्या कडेला बसलेल्या, टीचभर उंचीच्या, सुरकुतलेल्या बाईकडे टक लावून बघत होती.

"तू हौसा?" ती म्हणाली.

"व्हय गो. मीच."

"आवाजावरनं मला वाटलं, तू चांगली उंच असशील."

कृष्णाबाई आधी हसल्या, मग सगळा वॉर्ड. हौसाबाईच्या चष्म्याच्या काचा हसून हसून ओल्या झाल्या, तो काढून ती पदराने पुसत राहिली. परतीच्या गाडीत सीताबाई खिडकीशी बसली आणि दिसेल त्याचं नाव घेत सुटली. म्हैस, पूल, चिंच, शाळा, एक बाई घागर घेऊन, ती बघ दुसरी. नागोठणं आलं, गेलं. गाडीतली माणसं वळून बघू लागली. हौसाबाईला हे सगळं रोजचं होतं, तरी प्रत्येक नावाला ती मान डोलवून म्हणत होती, "व्हय गो, दिसली."